तीस वर्षे शब्दकोडी सोडवूनही आईला स्मृतिभ्रंश झाला. मग मेंदूचा व्यायाम कोणता, आणि कोणत्या वयापासून?

गोदाकाठ, नाशिक (प्रश्न)

माझी आई ७२ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने ३१ वर्षे मराठी शिकवले. मी चौथीत असल्यापासून मला आठवते की रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे तिने कधी चुकवले नाही. पेन्सिल ती वापरत नसे. शाईच्या पेनाने थेट लिहायची आणि खाडाखोड क्वचितच व्हायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत रद्दी बांधताना त्या पुरवण्यांचा गठ्ठा माझ्या हाती आला. वरच्या पुरवण्यांतली, म्हणजे अलीकडची, कोडी अर्धवट होती. एका कोड्यात 'पारिजात' हा शब्द दोन ठिकाणी लिहिलेला होता, दुसऱ्या ठिकाणी चौकटी पाच असूनही. आणि रिकाम्या राहिलेल्या चौकटींत शाईचे बारीक बारीक ठिपके होते. पेनाचे टोक टेकवून ती शब्दाची वाट पाहत बसली होती आणि शब्द आलाच नव्हता, हे ते ठिपके पाहून माझ्या लक्षात आले. तोवर घरातल्या कोणालाही कसलीच शंका आलेली नव्हती.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी सर्व तपासण्या करून अल्झायमरचे निदान केले. त्यानंतरच्या १४ महिन्यांत तिची स्थिती इतक्या वेगाने खालावली की आम्ही सगळेच हबकलो आहोत. 'वाचत-लिहीत राहा, कोडी सोडवा, म्हणजे डोके शाबूत राहते' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या आईने ते जितके पाळले तितके पाळणारी दुसरी व्यक्ती माझ्या ओळखीत नाही. तेव्हा माझा पहिला प्रश्न असा की तिचा तो सगळा सराव वाया गेला, असे समजायचे का?

दुसरा प्रश्न माझ्यापुरता आहे. मी ४१ वर्षांची असून लेखापाल म्हणून काम करते. या वयापासून काही केल्याने पुढे उपयोग होतो का, आणि होत असेल तर नेमके काय करावे? मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांचे वर्षभराचे शुल्क मी भरले आहे, पण सहा महिन्यांत त्या खेळांतले गुण वाढण्यापलीकडे काही फरक जाणवलेला नाही. तिसरा प्रश्न माझ्या दहा वर्षांच्या मुलीविषयी आहे. आमच्या भागातल्या एका वर्गाचे प्रतिनिधी घरी येऊन गेले. मणिचौकटीवरचे (ॲबॅकसचे) गणित आत्ता शिकवले तर 'आजीसारखे होणार नाही', असे त्यांनी मुलीच्या देखत सांगितले. ते वाक्य तिच्या मनातून अजून गेलेले नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्मरणशाळा, पुणे

ताई, स्मृतिविकार असलेल्या रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याचे काम मी गेली १८ वर्षे करते आहे. तुमचा पहिला प्रश्न मला वर्षातून निदान दहा-बारा घरांतून ऐकू येतो, आणि तो विचारणारे बहुतेक वेळा शिक्षकांची, लेखनिकांची किंवा वाचनवेड्या माणसांची मुले असतात. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वृद्धांचा एक दीर्घकालीन अभ्यास झाला. त्यात सुरुवातीला स्मृती ठीक असलेल्या ४८८ व्यक्तींपैकी १०१ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. त्या १०१ जणांपैकी शब्दकोडी सोडवणाऱ्यांमध्ये स्मृतीची वेगवान घसरण इतरांपेक्षा सुमारे अडीच वर्षे उशिरा सुरू झाली, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे कोडी सोडवणाऱ्यांनाही आजार झाला, पण तो उशिरा दिसू लागला. अडीच वर्षे हा आकडा कागदावर लहान वाटतो; तुमच्या मुलीला ओळखणारी, तिला गोष्टी सांगणारी आजी अडीच वर्षे अधिक मिळाली असे मांडून पाहा. तुमच्या आईच्या बाबतीत नेमके किती झाले हे कोणीही सांगू शकणार नाही, परंतु तो सराव वाया गेला असे मानायला आधार नाही.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९८८ साली रॉबर्ट काट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातील १३७ व्यक्तींच्या मेंदूंचा मरणोत्तर अभ्यास मांडला. त्यांपैकी दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या आणि तरीही हयातीत त्यांची बुद्धी उत्तम चालत होती. त्यांचे मेंदू वजनाने अधिक भरले आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही अधिक होत्या. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव्ह स्टर्न यांनी याच निरीक्षणांच्या दिशेने आकलनाच्या राखीव साठ्याची कल्पना विस्ताराने मांडली. आम्ही रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना त्याला 'गंगाजळी' म्हणतो, कारण हा शब्द सर्वांना लगेच कळतो. शिक्षण, बुद्धीला ताण देणारे काम, वाचन, माणसांतला वावर यांतून ही गंगाजळी जमते. आजार आतून खर्च वाढवत असतो, पण शिल्लक मोठी असल्यामुळे बाहेरून बराच काळ काही कळत नाही.

निदानानंतरचा उतार वेगवान का, याचेही उत्तर इथेच आहे. ज्यांची गंगाजळी मोठी असते त्यांच्यात लक्षणे दिसू लागतात तेव्हा आतला आजार आधीच बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे त्या टप्प्यापासून पुढे अधिक शिकलेल्या, अधिक सराव असलेल्या रुग्णांची घसरण सरासरीने जास्त वेगाने होते, असे एकाहून अधिक अभ्यासांत दिसले आहे. घरच्यांना वाटते की काळजी घेण्यात आपलेच काही चुकले. तुमचे काहीही चुकलेले नाही.

'कोणत्या वयापासून' याविषयी अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) अभ्यास नेहमी सांगितला जातो. डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ वृद्ध जोगिणींचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींनी मठात प्रवेश घेताना, सरासरी बाविसाव्या वर्षी, लिहिलेली छोटी आत्मवृत्ते जपून ठेवलेली होती. ज्यांच्या वाक्यांत कल्पनांची दाटी कमी होती त्यांच्यात जवळजवळ साठ वर्षांनंतर आकलनाची दुर्बलता अधिक आढळली. यावरून तारुण्यातले लेखन सुधारले की आजार टळतो असे सिद्ध होत नाही. मात्र म्हातारपणच्या बुद्धीची मुळे किती मागे जातात, हे त्यातून स्पष्ट दिसते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या अभ्यासाने हे अधिक काटेकोरपणे दाखवले. १९३६ साली जन्मलेल्या, अकराव्या वर्षी बुद्धिचाचणी दिलेल्या ४९८ व्यक्तींच्या चाचण्या उतारवयात पुन्हा पुन्हा घेण्यात आल्या. आयुष्यभर बौद्धिक गोष्टींत रमणाऱ्यांची पातळी वरची होती, पण वयानुसार होणाऱ्या घसरणीचा वेग त्यामुळे कमी झालेला नव्हता. डोंगराच्या ज्या उंचीवरून उतरायला लागतो ती उंची आपल्या हाती थोडीफार असते, उताराचा कल मात्र फारसा नसतो, असा मी त्याचा अर्थ लावते. म्हणूनच साठीनंतर जागे होण्यापेक्षा ४१ व्या वर्षी हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

मोबाइलवरच्या खेळांविषयी तुमचा अनुभव संशोधनाशी जुळतो. २०१० साली ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर असे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात ते तरबेज झाले, पण सराव न केलेल्या, अगदी जवळच्या कामांतही त्याचा लाभ दिसला नाही. २०१६ मध्ये 'ल्युमॉसिटी' या प्रसिद्ध खेळसंचाच्या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २० लाख डॉलर भरून तक्रार मिटवली, कारण स्मृतिभ्रंशापासून संरक्षणाचे तिचे दावे पुराव्याशिवाय केलेले होते. याला एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या प्रयोगात तर्काचा आणि दृष्टी-प्रतिसादाच्या वेगाचा सराव केलेल्यांचा त्या त्या कौशल्यातला लाभ दहा वर्षांनंतरही टिकून होता. स्मरणशक्तीच्या सरावाचा लाभ मात्र टिकला नाही. तेव्हा खेळ आवडत असतील तर जरूर खेळा, परंतु त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

औटकी, सातारा

मी निवृत्त गणितशिक्षक आहे, वय ७६. वरील विवेचन मला पटले, परंतु त्यात एक गोष्ट राहून गेली असे वाटते. तीस वर्षे एकच प्रकारचे कोडे सोडवणाऱ्याला ते कोडे पुढे सोपे जाऊ लागते. 'सूर्याचे एक नाव, दोन अक्षरे' म्हटले की हात आपोआप 'रवि' लिहितो. माझे पाढ्यांचे तसेच आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी आम्हांला चौथीपर्यंत पाठ करावी लागली. सतरा औटे साडेएकोणसाठ हे मी आजही झोपेतून उठवले तरी सांगेन. या पाठांतराचा मला आयुष्यभर फायदा झाला आणि मुलांना ते लावावे असे माझे ठाम मत आहे. पण आज मी औटकी म्हणतो तेव्हा माझे डोके चालत नाही, फक्त जीभ चालते.

हे मला ६२ व्या वर्षी मोडी शिकायला बसलो तेव्हा कळले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात. मी मात्र साताऱ्यातच एका परिचित शिक्षकांकडे आठवड्यातून दोनदा जात असे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिला लगटून, शक्य तितका हात न उचलता, अक्षरे काढायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत मी एका जुन्या खरेदीखताच्या दोन ओळींवर पूर्ण संध्याकाळ घालवत असे. शब्द कुठे संपतो हे ठरवण्यासाठी अर्थ लागावा लागतो आणि अर्थ लागण्यासाठी शब्द कुठे संपतो ते कळावे लागते. त्या काळात रात्री मला जसा थकवा येई तसा थकवा नोकरीतल्या शेवटच्या वीस वर्षांत कधी आला नव्हता. तो थकवा सुखाचा होता. ताई, तुम्ही लेखापाल आहात, तेव्हा आकड्यांची कोडी तुम्हांला फारशी दमवणार नाहीत. जिथे आपण अगदी नवखे आहोत, जिथे चुकतो आणि कोणीतरी शेजारी बसून चूक दाखवते, असे काहीतरी निवडा.

स्मरणशाळा यांना माझा एक प्रश्न आहे. ज्यांची बुद्धी मुळातच चांगली असते तेच असे छंद लावून घेतात, असेही म्हणता येईल. मग छंदामुळे मेंदू सुधारतो असे कशावरून?

चारमिनारकर, हैदराबाद

नोकरीनिमित्त आमचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी इकडे आले. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी, कचेरीत इंग्रजी असा आमचा रोजचा क्रम आहे. म्हणून इथल्याच एका अभ्यासाची माहिती देतो. निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली होती. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की जे कधी शाळेतच गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक दिसला. म्हणजे केवळ शिक्षणाने त्याचा उलगडा होत नाही. दोनहून अधिक भाषांमुळे आणखी लाभ झाल्याचे मात्र आढळले नाही.

माझी आजी निरक्षर होती. भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस करता करता ती मागे वळून आम्हांला मराठीत दटावत असे आणि त्याच दमात शेजारच्या बाईंना दखनीत उत्तर देत असे. मेंदूचा व्यायाम हा शब्दही तिने ऐकला नव्हता. तुमच्या मुलीला नाशकात ऐकायला मिळणारी एखादी भाषा, गुजराती, अहिराणी, जी जवळ असेल ती, खेळता खेळता बोलू द्या. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही.

स्मरणशाळा, पुणे

औटकी सर, तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती सतत छळते. हैदराबादच्या अभ्यासालाही ती लागू होते. रुग्णालयात आलेल्यांच्या नोंदींवरून भाषांचा लाभ ठळक दिसतो, परंतु निरोगी लोकांना वर्षानुवर्षे पाहत गेलेल्या अभ्यासांत तो तितका दिसलेला नाही. भाषा शिकण्याचे इतर लाभ उघड असल्यामुळे चारमिनारकरांचा सल्ला मी तरीही उचलून धरीन.

तुमच्या प्रश्नाचे मला सर्वांत समाधान देणारे उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांकडून मिळाले. परवान्यासाठी त्यांना चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यात तीन-चार वर्षे जातात. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या, आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या, भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते, हे एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले. तेव्हा नेमका तुमचाच आक्षेप घेतला गेला. म्हणून पुढे त्यांनी ७९ उमेदवारांचे मेंदू शिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासले. सुरुवातीला त्यांच्यात फरक नव्हता. जे ३९ जण परवाना मिळवू शकले त्यांच्यातच ती वाढ दिसली. प्रौढ वयातही कष्टाने केलेल्या शिक्षणाने मेंदूची रचना बदलते, एवढे त्यातून निश्चित होते. हे शिक्षण कित्येक वर्षांचे आणि दमवणारे होते, हेही विसरू नये. सरांचा मोडीचा अनुभव त्याच जातीचा आहे.

मुलीविषयी लिहिते. मणिचौकटीच्या वर्गाने तोंडी हिशेब सुधारेल. तिला त्यात गोडी वाटत असेल तर जरूर पाठवा. मात्र त्याने साठ वर्षांनंतरचा आजार टळेल असे सांगणारा माणूस तुम्हांला माहिती देत नाही, भीती विकतो. लहानपणीच्या बाबतीत खरा वजनदार पुरावा शाळेतल्या नियमित शिक्षणाचाच आहे. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेले १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. ते सारे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत आयुष्याच्या सुरुवातीच्या काळासाठी अपुरे शिक्षण आहे, तर मध्यम वयासाठी बहिरेपणा, वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, बैठी जीवनशैली, धूम्रपान, डोक्याला मार अशी नावे आहेत.

त्यामुळे तुमच्या वयाला मी आधी रक्तदाब मोजायला सांगते आणि मग पुस्तक उघडायला. ज्या रक्तवाहिन्यांतून मेंदूला रक्त जाते त्याच खराब झाल्या तर कोणतीही गंगाजळी पुरत नाही. अमेरिकेत ९,३६१ लोकांवर झालेल्या प्रयोगात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवल्यावर स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य दुर्बलता १९ टक्क्यांनी कमी आढळली. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून हिशेब करता, म्हणून रोजचे भरभर चालणेही यातच धरा. फिनलंडमध्ये धोका अधिक असलेल्या १,२६० ज्येष्ठांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तवाहिन्यांच्या आरोग्याची देखरेख हे सगळे एकत्र दिले, तेव्हा त्यांच्या आकलनाच्या चाचण्या तुलनेच्या गटापेक्षा सरस आल्या. बौद्धिक सराव तिथे चार गोष्टींपैकी एक होता.

आईंच्या बाबतीत एक विचारते. त्यांचे कान तपासले आहेत का? ऐकू कमी येणारा माणूस गप्प होत जातो, घरातल्या बोलण्यातून बाहेर पडतो, आणि घरच्यांना ते सगळे आजाराचेच लक्षण वाटते. यंत्र लावल्याने आजार बरा होणार नाही, पण ज्या संभाषणात त्या आजही भाग घेऊ शकतात ते त्यांना परत मिळू शकेल. आणि कोड्याचा छंद बंद करू नका. अवघड कोडे समोर ठेवून त्यांना अपयशी वाटू देण्यापेक्षा त्यांना जमेल असे सोपे करून द्या.

गोदाकाठ, नाशिक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी दोनदा वाचली आणि एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. वेगवान उताराचा खुलासा वाचून छातीवरचे ओझे उतरले. गेले वर्षभर मी स्वतःलाच दोष देत होते.

मेंदूच्या खेळांचे शुल्क पुन्हा भरणार नाही. सरांचे वाचून मोडीविषयी चौकशी केली. नाशकात शिकवणारे एक गृहस्थ मिळाले असून शनिवारी संध्याकाळी पहिला पाठ आहे. आमच्या घरी पणजोबांच्या काळातली कुळांच्या हिशेबाची एक वही आहे. लेखापाल असूनही मला तिच्यातला एक आकडा सोडून काही वाचता येत नाही, हे मला आजवर कधी खटकले नव्हते.

मुलीला मी वर्गाच्या त्या प्रतिनिधींचे म्हणणे का चुकीचे आहे ते समजावून सांगितले. सोप्या कोड्याची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली की आजीसाठी कोडे मीच करते. तिने चौकटीच्या वहीत पाच बाय पाचचा चौकोन आखला आणि त्यात घरातली नावे, झाडे, आजीच्या शाळेचे गाव असे शब्द बसवायला घेतले. आडवा शब्द बसला की उभा बिघडायचा. दोन तास तिने सात वेळा खोडले. काल दुपारी आजीने त्यातले चार शब्द भरले. 'अंगणातले झाड, फुले पहाटे गळतात' यावर ती बराच वेळ थांबली आणि मग तिने पेनाने 'पारिजात' लिहिले, चार चौकटींत चार अक्षरे.

कान तपासलेले नाहीत. गुरुवारची वेळ घेतली आहे. अहवाल हाती आला की इथेच कळवीन.